कोल्हा दिसल्याशिवाय नाही

साक्रीहून पिंपळनेरकडे जाताना पवनचक्क्या दिसू लागल्या की समजावं, त्यांच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. गावात पंचांग आहे, भटजींचं येणंजाणं आहे, मोबाइलवर मुहूर्त काढून देणारी पोरंही निघाली आहेत. पण महत्त्वाच्या कामाला घराबाहेर पडायचं तर या कोणालाच आम्ही विचारत नाही. आम्ही आधी कोल्हा बघतो. मुलगी बघायला जायचंय, बैल घ्यायचाय, कोर्टात तारीख आहे, बारावीचा पहिला पेपर आहे, काहीही असो. पहाटे माळावर जायचं, कोल्ह्याचं तोंड पाहायचं आणि मग एसटी पकडायची. आणि हा कोल्हा ज्याचा त्यालाच पाहावा लागतो. बापाने पाहिलेला कोल्हा मुलाला चालत नाही.

आता कोल्हा म्हणजे काही एसटी नाही, की फाट्यावर उभं राहिलं आणि आली. (एसटी तरी कुठे येते म्हणा.) तो कुठे बसतो, कुठून निघतो, वारा कुठला असला की कुठल्या अंगाला जातो, हे कोणाला तरी ठाऊक हवं. त्यासाठी आमच्या गावाला झुलालआबा आहेत.

पुस्तकात या प्राण्याला खोकड म्हणतात, आणि खरा कोल्हा वेगळा, चांगला दांडगा, उसात राहून रात्रभर रडणारा, असंही लिहिलेलं असतं. असू दे. आमच्याकडे ज्याला झुपकेदार शेपटी आहे आणि जे कुत्रं नाही, ते कोल्हं. आबांचा कोल्हा मांजरापेक्षा थोडा मोठा, राखाडी अंगाचा, काडीसारख्या पायांचा आणि शेपटीचं टोक शाईत बुडवून काढल्यासारखं काळं. एवढ्याशा जिवावर आख्ख्या गावाची लग्नं अवलंबून असायची.

झुलालआबांचं रूपही काहीसं तसंच. अंगाने सुकलेले, कान मोठे, चाल हलकी. पण त्या मोठ्या कानांचा उपयोग फारसा नाही. त्यांना कमी ऐकू येतं. डोळे मात्र असे, की माळावर दूर कुठे गवताचं पातं वाऱ्याने हललं की उंदराने, ते बसल्या जागी सांगतील. ज्याला कोल्हा बघायचा त्याने आदल्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणायचं, "आबा, उद्या पोरगी दखाले जानं शे. कोल्हा दखाडा." आबा विचारायचे, "पोरगी कोठली?" आणि उत्तर काहीही आलं तरी म्हणायचे, "दखू."

पहाटे आबा पुढे, गिऱ्हाईक मागे. माळावर एक काळा दगड आहे, त्याच्याआड बसायचं. बोलायचं नाही, बिडी ओढायची नाही, बोट दाखवायचं नाही. बोट दाखवलं की कोल्हा जातो, असं आबांचं म्हणणं. मग कोल्हा दिसला हे कळायचं कसं? तर आबा डोक्यावरची पांढरी टोपी काढून छातीशी धरायचे. टोपी उतरली की आबांच्या नाकाच्या रोखाने बघायचं. कोल्हा तिथे असायचाच. देवळातही टोपी न काढणारा हा माणूस कोल्ह्यासमोर मात्र उघड्या टकलाने बसायचा.

आणि नाही दिसला, तर नाही दिसला. आबांनी उभ्या आयुष्यात कोणाला खोटा कोल्हा दाखवला नाही. याची सगळ्यात मोठी झळ आमच्या भटूला बसली. भटू फाट्यावर चहाचं हॉटेल चालवतो. तरुणपणी त्याला दोंडाईचाकडची एक मुलगी बघायला जायचं होतं. पहिल्या पहाटे कोल्हा नाही. दुसऱ्या खेपेला धुकं. तिसऱ्या खेपेला कोल्हा निघाला, पण भटूला नेमकी शिंक आली आणि त्याचे डोळे मिटले. "आबा, तुम्ही तर पाह्यला ना?" भटू काकुळतीला आला. "मी पाह्यला. मनं लगीन व्हयी जायेल शे," आबा म्हणाले आणि चालू लागले. तोवर मुलीकडच्यांनी कंटाळून दुसरं स्थळ पाहिलं. भटू आजही आबांना चहा देताना म्हणतो, "घ्या आबा, तुमच्यामुळे साखर घालायला माणूस नाही घरात." खरं तर त्याला बायको आहे, चांगली तरतरीत आहे, आणि ती हे ऐकत तिथेच भजी तळत असते.

मग माळच आटायला लागला. एका बाजूने जेसीबी आला आणि बांध, खाचखळगे, बोरीच्या जाळ्या सगळं सपाट करून गेला. तिथे कांदा आला. दुसऱ्या बाजूने रस्ता रुंद झाला आणि रस्त्याला ढाबे लागले. ढाब्यांना कुत्री लागली. ही कुत्री दिवसा ढाब्यावर हाडकं चघळायची आणि पहाटे टोळीने माळावर फिरायला जायची, अगदी शहरातल्या निवृत्त साहेबांसारखी. त्यांच्यापुढे कोल्ह्याचं काय चालणार? आणि शेवटी उरलेल्या माळाला उंच जाळीचं कुंपण पडलं आणि आत काचेच्या प्लेटांच्या रांगा उभ्या राहिल्या. उन्हापासून वीज करणाऱ्या. आबांचा काळा दगड कुंपणाच्या चार हात बाहेर राहिला, एवढीच काय ती मेहेरबानी.

कुंपण पडलं त्या दिवशी आबा तारेला हात न लावता तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "या तारेमा मी पाय ठेवाव नही." तोंडातून निघालं ते निघालं. पुढे त्यांच्या मुलालाच, नवलला, त्या प्लेटा धुण्याची नोकरी लागली, तरी आबा कधी त्या दाराकडे फिरकले नाहीत. नवलचा डबासुद्धा ते कुंपणाच्या वरून द्यायचे. डबा खाली पडायचा, भाजी सांडायची, पण शपथ शाबूत राहायची.

कोल्हे दिसेनासे झाले. गाव काही थांबलं नाही. पोरांनी मोबाइलवर कोल्हा बघून निघायला सुरुवात केली. एकाने आबांना तो दाखवलाही. लालभडक, गुबगुबीत, बर्फात उड्या मारणारा. आबांनी निरखून पाहिला. "हाऊ परदेशी शे," ते म्हणाले. "याले साक्रीना माणूसनी काय पडेल शे?"

अधूनमधून बातमी यायची, कोल्हा दिसला. आबा दहा कामं टाकून जायचे. एकदा ते रानमांजर निघालं. एकदा गोणपाट निघालं. एकदा तर ढाब्यामागे खरंच झुपकेदार शेपटीचं काहीतरी होतं. आबांचा हात टोपीकडे गेलासुद्धा. ते कोण्या प्रवाशाचं हरवलेलं पॉमेरियन होतं. आबा तिथून आले ते थेट घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

हे असं चाललं असतं आणि आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण मध्येच कमलअक्कांच्या डोळ्यांचा प्रश्न आला.

कमलअक्का म्हणजे आबांची बायको. आबांचे डोळे आणि अक्कांचे कान, असा तो संसार. गल्लीच्या टोकाला कोणी कुजबुजलं तरी अक्का चुलीपाशी बसून उत्तर देतील. आबांना कोणी हाक मारली की अक्का ती ऐकायच्या आणि आबांच्या पाठीत कोपर मारायच्या. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. भाकरी तव्याऐवजी चुलीच्या ओट्यावर पडू लागली. मग एकदा त्या अंगणातल्या दोन पायऱ्यांवरून घसरल्या, तेव्हा नवल त्यांना धुळ्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "आजी, फार थांबलात. आता आणखी थांबाल तर डोळ्यातला दाब वाढेल, आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही." पुढच्या आठवड्यातला गुरुवार दिला.

अक्का घरी आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "कोल्हा दिखाशिवाय मी डोयाले हात लावू देनार नही."

नवलने कपाळाला हात लावला. "माय, डोळे उघडल्याशिवाय तुला कोल्हा दिसणार कसा?"

"मंग मी काय करू? रीत मी करी का?"

"रत्नामावशीने केलंच ना ऑपरेशन? तिने कुठे कोल्हा पाहिला होता?"

"म्हनीसन तिना डोया साल भर गयत व्हता. यावलमा काय दिखी तिले? केयीच केयी."

रत्नामावशी म्हणजे अक्कांची बहीण, केळीच्या मुलखात यावलला दिलेली. तिचा डोळा वर्षभर गळत होता, कारण तिने डॉक्टरांचे थेंब सोडून शेजारणीने दिलेलं गुलाबजल घातलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. अक्कांनाही माहीत होतं. पण ऑपरेशनच्या टेबलावर पडणार अक्का, भीती अक्कांच्या पोटात, आणि त्या भीतीला उभं राहायला एक कोल्हा हवा होता.

झालं. कोल्हा दिसल्याशिवाय डोळे नाहीत आणि डोळ्यांशिवाय कोल्हा नाही. वर आणखी मुळात कोल्हाच नाही.

गाव कामाला लागलं. नवलने मोठ्या मोबाइलवर कोल्हा लावून अक्कांच्या नाकाशी धरला. "हाई ढेकूळ कसाले दखाडी राहिना माले?" अक्कांनी विचारलं. मग भटूच्या डोक्यात कल्पना आली. त्याने हॉटेलवरचा वाघ्या नावाचा कुत्रा धरला, त्याच्या शेपटीला बकरीच्या केसांचा झुपका बांधला, टोकाला काजळ फासलं आणि पहाटे अक्कांच्या अंगणापलीकडे नेऊन सोडला. "अक्का, कोल्हा," तो आवाज बदलून ओरडला. वाघ्या इमानदार प्राणी. अक्का रोज त्याला भाकरी घालतात. तो शेपटी हलवत सरळ आला आणि त्यांच्या मांडीवर पुढचे पाय ठेवून उभा राहिला. अक्कांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पाठीवरून फिरवला, झुपक्यापाशी हात थांबला.

"वाघ्या," त्या म्हणाल्या, "तुले ही शेपटी कोनी लायी?" आणि मग रस्त्याकडे तोंड करून, "भटू, काजळ तुन्या बायकोनं शे ना? तिले सांगी ठेव, मनाकडथीन नवं लई जाय."

उरला बुधवार. त्या दिवशी नवल आबांना ओट्यावरून खाली घेऊन गेला, अक्कांच्या कानांच्या टप्प्याबाहेर. म्हणजे जवळजवळ शेजारच्या गावात. तिथे आबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलणं भाग होतं.

"आबा, उद्या पहाटे मायला दगडापाशी घेऊन जा. बसा. थोड्या वेळाने टोपी काढा. एवढंच."

"कोल्हा नही शे तथा."

"मला माहितीये नाही. तिला दिसतच नाही तर तिला काय कळणार? तुम्ही टोपी काढली की ती मानेल. गाडी फाट्यावर उभी राहील, तिथून सरळ धुळे."

आबांनी टोपी दोन्ही हातांनी घट्ट बसवली.

"तुमचा शब्द मोठा का तिचे डोळे?" नवल म्हणाला. पोरगा काही वाईट नाही. आईसाठी जीव तुटत होता, म्हणून तुटकं बोलला. आणि जाता जाता, मन दुसरीकडे न्यावं म्हणून, त्याने आपलं गाऱ्हाणं सांगितलं, "मला उद्या लवकर परत यायचंय. प्लेटांखाली घुशींनी बिळं केलीत. सुपरवायझर म्हणतोय दगड-माती टाकून बुजवून टाका." आबांना यातलं अर्धंच ऐकू गेलं, आणि त्या अर्ध्यात घुशी होत्या. घुशींमध्ये त्यांना रस नव्हता.

गुरुवारी पहाटे आबांनी अक्कांचा हात धरून त्यांना माळावर नेलं. अक्कांनी धुळ्याला जायचं म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मागे दोरीने ओढल्यासारखा नवल. त्याच्या मागे भटू, हॉटेल बायकोवर सोपवून. दगडाआड दोघं म्हातारे बसले, आम्ही बाकीचे उतारावर. होय, मीही होतो. अशा वेळी गावात झोपून राहील एवढा विरक्त मी नाही.

पूर्वेला फटफटलं. पवनचक्क्या घूं घूं करत होत्या. समोर कांद्याचं वावर, त्यापलीकडे रस्ता, रस्त्यावर एक ट्रक. ढाब्यावरची दोन कुत्री आली, आमच्याकडे बघून गेली. आबा समोर बघत होते. डावीकडे बघत होते. पाठीमागच्या कुंपणाकडे मात्र त्यांनी पाठ केली होती. ती तर कुंपण पडल्यापासून फिरवलेलीच होती.

उजाडलं. नवलने खाकरून आठवण दिली.

आबांचा हात वर गेला. टोपीला लागला. तिथेच राहिला. हात बराच वेळ टोपीवर होता, आणि मग त्याने टोपीखालचं टक्कल खाजवलं आणि तो खाली आला.

"हात वर कसाले गया?" अक्कांनी विचारलं.

"खाज उनी," आबा म्हणाले.

नवलने खाली बसून गुडघ्यात तोंड घातलं. त्याला वाटलं, गेले आईचे डोळे. आम्हालाही तेच वाटलं. आबांचा चेहरा तर बघवत नव्हता. ते अक्कांच्या दंडाला धरून उठवायला लागले आणि म्हणाले, "नवलनी माय, तू अशीच चाल. मी सांगस ना, चाल."

अक्का उठल्या नाहीत. त्यांनी मान वाकडी केली होती.

"थांबा," त्या म्हणाल्या. "कोन बोली राहिनं?"

"कोनी नही."

"तुम्हले काय ऐकू येस? मांगे. तारेना आंगे."

आम्ही कान दिले. पवनचक्क्यांच्या घूंघूंखाली, पाठीमागच्या जाळीपलीकडून, कोणीतरी घाईघाईने खॅक-खॅक-खॅक करत होतं. कुत्रं नव्हे. चिडलेली म्हातारी हसावी तसं काहीतरी.

"कोल्हा," अक्का म्हणाल्या. "बरीस साल झायात ऐकी, पन कोल्हाच शे."

आबा वळले. कुंपण पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्या जाळीकडे नीट तोंड केलं. नवलने उठून दार उघडलं. आबा दारात थांबले, खाली बघितलं, आपल्याच शपथेकडे बघावं तसं. आणि अक्कांचा हात धरून आत गेले. इतकी वर्षं नवलचा डबा उगाचच सांडला.

आत प्लेटांच्या रांगा. प्लेटा धुतल्याचं पाणी पडून पडून खाली हिरवं गवत झालेलं, गवतात टोळ आणि उंदीर, वर सावली, आणि सगळीकडून अशी जाळी की खालच्या फटीतून कोल्हा सरकेल, पण ढाब्याचं एकही कुत्रं आत येऊ शकत नाही. घुशींची म्हणून बुजवायची ठरलेली बिळं एका रांगेखाली ओळीने होती. आबा चार पावलं चालले आणि थांबले.

त्यांनी टोपी काढली आणि छातीशी धरली.

मादी बिळाच्या तोंडाशी उभी होती. राखाडी अंग, मोठे कान, काळ्या टोकाची शेपटी. तिच्यामागून पिल्लांची डोकी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. एक धीट निघालं. ते सिमेंटच्या पट्टीवर आलं, स्वतःच्या शेपटीला चावलं, आणि ते दुखल्यावर इकडेतिकडे बघू लागलं, हे कोणी केलं म्हणून. भटूला शिंक आली. त्याने नाक दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि डोळे फाडून बघत राहिला. या खेपेला त्याने ते मिटले नाहीत.

"दिखना का?" आबांनी अक्कांना हळूच विचारलं.

अक्का समोर बघत होत्या. "शेपटीनं टोक कसं शे?"

"काळं."

"मंग दिखना," अक्का म्हणाल्या. "चाला, गाडी उभी शे."

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी महिना गेला असता तर अवघड होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा सगळे पलंगाभोवती उभे. अक्कांनी डोळे किलकिले केले, नवलकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग आबांकडे बराच वेळ पाहिलं.

"या माणूसले कोनी टोपी धुई देत नही का?" त्या म्हणाल्या.

आबा टोपी काढून बघू लागले, आणि नवल हसता हसता कोपऱ्यात जाऊन तोंड धुऊन आला.

अक्कांचं गुपित पुढे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फुटलं. घरात पुरणाच्या पोळ्या चालल्या होत्या, भटूही तिथेच होता, आणि त्याने सहज विचारलं, "अक्का, खरं सांगा, त्या दिवशी तुम्हाला कोल्हा दिसला होता?"

"नही," अक्का म्हणाल्या, पोळी उलटत.

आबांचा घास हातात राहिला. ही गोष्ट मात्र त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू गेली. "मंग तू दिखना म्हननी ती?"

"टोपी दिखनी. पांढरी शे ना, तेवढी दिखे. दगडपाशी वर गयी नही. हात गया, पन टोपी गयी नही. तारेमा वर गयी. तुम्ही काय कोल्हा नसतांना टोपी काढतस?"

आबांनी टोपी काढली, पुसली आणि पुन्हा घातली.

भटू मात्र सोडायला तयार नव्हता. त्याचं एक लग्न या नियमापायी गेलं होतं. "पण रीत अशी आहे, ज्याचा त्याने पाहायचा. तुमचं ऑपरेशन तर कोल्हा न बघता झालं."

"मंग मी नंतर पाह्यला ना," अक्का म्हणाल्या. "मांगेथीन पाह्यला तरी चालस." आणि रीत बदलली. गावात रीत बदलायला एवढंच लागतं. बदलणाऱ्या बाईच्या हातात उलथनं हवं.

ती बिळं काही बुजली नाहीत. सुपरवायझर ललित हा जळगावच्या मेहरूणचा, त्याला बदली हवी होती आणि साहेबांना भेटायला जायचं होतं. नवलने त्याला सांगितलं, जायच्या आधी एकदा कोल्हा बघून जा. तो हसला, पण पहाटे आला. बदली झाली. नवा आलेला सुपरवायझर पहिल्याच दिवशी विचारत होता, कोल्हा कुठे दिसतो म्हणून. कारण त्याला आल्या दिवसापासून परत जायचं होतं.

अक्कांना मी परवा विचारलं, इतक्या वर्षांनी कोल्हा नीट डोळ्यांनी पाहिल्यावर कसा वाटला. त्या काळा चष्मा लावून दगडावर बसल्या होत्या. आता आबा कुंपणाच्या दारातून आत-बाहेर करतात, डबा हातात देतात, भाजी सांडत नाही.

"एवढासाच?" अक्का म्हणाल्या. "हाऊ माणूस टोपी काढे, माले वाटे बैल एवढा व्हई."

शेजारी आबा डोळे बारीक करून प्लेटांखाली बघत होते. हल्ली त्यांनाही पहाटे जरा धूसर दिसतं, असं नवल म्हणतो. आबा ते मान्य करत नाहीत. अक्कांनी कोपर त्यांच्या बरगडीत मारलं आणि हनुवटीने उजवीकडे दाखवलं. आबांनी मान तिकडे वळवली, थोडं थांबले, आणि मग टोपी काढली.